तीन पूर्णांक किती? जुन्या सहा सिलिंडर मस्टँगच्या मागच्या एक्सलचं गणित

जुनी गाडी घेतली की सल्ले फुकट मिळतात. मी अमेरिकेत ओहायोत १९६६ सालची फोर्ड मस्टँग घेतली. आठ सिलिंडरची, सिनेमात पळणारी ती नव्हे. साधी, सहा सिलिंडरची, ऑटोमॅटिक. पहिल्याच आठवड्यात आठ सिलिंडरची गाडी असलेला एक जण म्हणाला, "मागे ४.११ टाक, पिकअप बघ कसा येतो." दुसरा म्हणाला, "२.८३ आहे ना? हात लावू नकोस. हायवेला यासारखं सुख नाही." दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. दोघांचंही बरोबर होतं, पण आपापल्या गाडीपुरतं.

हे ४.११ आणि २.८३ काय प्रकरण आहे, आणि आपल्या गाडीला त्यातलं काय शोभेल हे कसं ठरवायचं, ते इथे मांडतो. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागणार नाही.

ट्रकच्या मागे उभं राहिलं की दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या मधोमध एक लोखंडी हंडा लटकलेला दिसतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या मोटारींनाही तसाच, आकाराने लहान हंडा असतो. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघून प्रोपेलर शाफ्टने या हंड्यापर्यंत येते. तिथे शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी गिअर असतो, तो पिनियन. तो एका मोठ्या गोल गिअरला फिरवतो, तो क्राऊन. आपल्याकडच्या गॅरेजात हे दोन शब्द सुटे कोणी उच्चारत नाही. क्राऊन-पिनियन असं एका दमात म्हणतात. बरोबरच आहे, कारण त्यांची जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एक बदलला की दुसराही बदलायचा.

क्राऊनला ३७ दाते आणि पिनियनला ९ असतील, तर ३७ भागिले ९ म्हणजे ४.११. शाफ्ट ४.११ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ३९ आणि ११ दाते असतील तर ३.५५. आकडा एवढाच सांगतो.

हे आकडे असे वेडेवाकडे का असतात, सरळ ३ किंवा ४ का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. ३७ आणि ९ यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एकच दाता क्राऊनच्या सगळ्या ३७ दात्यांना आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ३९ आणि १३ घेतले तर गुणोत्तर बरोबर ३.०० येतं, पण मग पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर त्याच तीन दात्यांवर आपटत राहतो. अशा जोड्याही बनतात, पण बसवताना खुणेला खूण जुळवावी लागते.

गिअरची सायकल चालवली असेल त्याला पुढचं सांगायला नको. चढ आला की मागचं मोठं चक्र लावतो. पाय भराभर फिरतात, ओझं हलकं वाटतं, पण सायकल काही पळत नाही. सपाटीवर लहान चक्र. पाय संथ, वेग भरपूर, आणि चढ आला की गुडघे बोलायला लागतात. ४.११ म्हणजे ते मोठं चक्र, २.८३ म्हणजे लहान. फरक इतकाच की मोटारीत हे चक्र एकदा बसवलं की बसलं. गिअरबॉक्सचे गिअर बदलतात, मागचा आकडा मात्र पहिल्यातही तोच आणि टॉपमध्येही तोच.

शब्दांचा एक घोळ इथेच मिटवतो. आकडा मोठा असेल तर जुने लोक त्याला 'लो' म्हणतात आणि आकडा लहान असेल तर 'हाय'. फोनवर कोणी "हाय रेशो टाक" म्हणाला तर तो ४ म्हणतोय की २ हे त्यालाच विचारून घ्यावं. मी सरळ मोठा आकडा, लहान आकडा असंच म्हणणार आहे.

चाक मिनिटाला किती वेळा फिरतं?

आकडा निवडायचा तर पहिलं माप टायरचं. माझ्या गाडीला १४ इंची रिमवर जे टायर आहेत त्यांची उंची, म्हणजे जमिनीपासून माथ्यापर्यंत, २५ इंच. परीघ जवळजवळ २ मीटर. १०० किलोमीटरच्या वेगाला गाडी मिनिटाला १६६७ मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ८३५ वेळा फिरतं. हा ८३५ चा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. टॉप गिअर सरळ असेल, म्हणजे गिअरबॉक्स मध्ये काही कमी-जास्त करत नसेल, तर ८३५ ला मागच्या आकड्याने गुणलं की इंजिनाचे फेरे मिळाले.

२.८३ ला २३६०. ३.२० ला २६७०. ३.५५ ला २९७० च्या आसपास. ४.११ ला ३४३०.

पण ओहायोत गावाबाहेरच्या इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गावर, मर्यादा ७० मैलांची आहे, म्हणजे ११३ किलोमीटर, आणि त्याहून सावकाश गेलात तर मागचे ट्रक तुम्हाला आपली मतं ऐकवतात. त्या वेगाला चाक मिनिटाला ९४० फेरे घेतं. तिथे २.८३ वर इंजिन २६६० ने फिरतं, ३.२० वर ३०१० ने, ३.५५ वर ३३४० ने आणि ४.११ वर ३८७० ने. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्सशी तेलातून जोडणारा भाग, थोडा घसरतो, तेव्हा यात आणखी काही फेरे मिळवायचे.

टायर बदलला की हे सगळं हलतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. दिसायला छान म्हणून १५ इंची रिम घातली, टायरची उंची २५ ची २६ झाली, तर ३.२० चा एक्सल ३.०८ सारखा वागू लागतो. हंडा न उघडता तुम्ही गिअर बदललात! मग "पूर्वी गाडी जास्त ओढायची" अशी कुरकुर सुरू होते आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरला खोलून ठेवतात.

इंजिनाला काय आवडतं

आता हे फेरे चांगले की वाईट, हे इंजिनाला विचारायचं. माझ्या मस्टँगचं इंजिन २०० घनइंचाचं, म्हणजे ३.३ लिटरचं. फोर्डने त्याची ताकद १२० अश्वशक्ती सांगितली होती, ४४०० फेऱ्यांना. आणि टॉर्क, म्हणजे पिळण्याचं बळ, १९० फूट-पौंड, २४०० फेऱ्यांना. हे त्या काळचे ग्रॉस आकडे. इंजिन स्टँडवर ठेवून, अंगावरची बरीचशी ओझी काढून मोजलेले. प्रत्यक्ष गाडीत त्याहून कमीच मिळतं. पण बळ कोणत्या फेऱ्यांना सर्वांत जास्त, ते त्यातून कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

या इंजिनाचा एक स्वभाव आहे. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड सुटा नाही. सिलिंडर हेडच्याच ओतकामात एक लांब नळकांडं आहे, आणि सहाही सिलिंडर त्या एका नळकांड्यातून, एकाच नळीच्या कार्ब्युरेटरमधून श्वास घेतात. एका खिडकीच्या खोलीत सहा माणसं झोपवावीत तसं. सावकाश चाललं असेल तर काही अडत नाही. फेरे वाढले की कोंडतं. म्हणून २४०० च्या आसपास गाडी खुशीत असते आणि ४००० च्या पुढे आवाज खूप, काम थोडं.

आठ सिलिंडरवाल्याने मला ४.११ सुचवला तो या कारणाने चुकतो. त्याचं इंजिन वरच्या फेऱ्यांत फुलतं. माझं तिथे धापा टाकतं. ४.११ घालून ७० मैलांना ३८७० फेरे म्हणजे तासन् तास त्या कोंडलेल्या भागात राहायचं. इंजिन लगेच मोडणार नाही. १९६५ पासून या २०० च्या क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत, खाली पाया पक्का आहे. मोडतो तो आत बसलेला माणूस. दोन तासांनी डोकं भणभणायला लागतं.

मग २.८३ च बरा, नाही का? तिथे दुसरी गोष्ट आहे.

फोर्डने याच इंजिनाला दोन वेगवेगळे एक्सल दिले होते. हाताने गिअर टाकायच्या गाडीला ३.२०, ऑटोमॅटिकला २.८३. कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. गाडी थांबलेली असताना ॲक्सिलरेटर दाबला की कन्व्हर्टर तेलाच्या जोरावर टॉर्क जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो. म्हणजे निघतानाचा एक अदृश्य गिअर त्याच्यापाशी असतोच. क्लचवाल्या गाडीपाशी तो नसतो. तिला मागून मदत लागते, नाहीतर चढावर हाफ क्लच जाळत निघावं लागतं. त्यामुळे २.८३ ची ऑटोमॅटिक सिग्नलवरून बऱ्यापैकी निघते. तिची पंचाईत पुढे होते, साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाला, जेव्हा कन्व्हर्टरची मदत संपलेली असते आणि टॉप गिअर पडलेला असतो.

किलोंत सांगतो, म्हणजे हाताला लागेल. माणसं आणि सामानासकट गाडी १३०० किलोंची धरू. इंटरस्टेटच्या डोंगराळ भागात ६ टक्क्यांचा चढ नेहमीचा. वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनच्या पुढे इंटरस्टेट ७७ वर गेलात तर असे चढ एकामागून एक येतात. ६ टक्के चढावर १३०० किलोंची गाडी ७८ किलोंच्या जोराने मागे ओढली जाते. शिवाय वाऱ्याचा विरोध, टायरचा विरोध. इंजिन पूर्ण बळावर असेल, तर टॉप गिअरमध्ये २.८३ चा एक्सल रस्त्याला जास्तीत जास्त २३० किलोंच्या आसपास रेटा देतो, आणि ३.५५ चा २९० च्या वर. ग्रॉस आकड्यांवरचा हिशोब आहे, घर्षणाची वजावट अजून केलेली नाही. खरा रेटा बराच कमी. तरी कागदावर २.८३ पुरतो.

पण हे बळ २४०० फेऱ्यांचं. चढावर ट्रकच्या मागे सापडून गाडी ८० वर आली की २.८३ वर इंजिन १९०० च्याही खाली असतं. आता पुढे काढायचं म्हटलं की पाय पुरा दाबावा लागतो, गिअरबॉक्स खालचा गिअर टाकतो, इंजिन एकदम ओरडतं. ट्रक मागे पडला की परत टॉप. पुढच्या ट्रकला परत तेच. डोंगरात दोन तास असं चाललं की वाटतं, मधला काहीतरी आकडा हवा होता.

ॲव्हरेजबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: आकडा लहान केला की पेट्रोल वाचतंच. सपाट रस्त्याला, ठरावीक वेगाला, होय, थोडं वाचतं. पण फेरे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले म्हणून पेट्रोल पंचवीस टक्क्यांनी वाचत नाही. वारा कापायला जेवढी ताकद लागते तेवढी कोणत्याही एक्सलने लागणारच; वाचते ती फक्त इंजिनाच्या आतल्या घर्षणाची आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्याची मेहनत. उलट आकडा फारच लहान असेल तर लहानशा चढालाही पाय खोल दाबावा लागतो, आणि त्या काळचे कार्ब्युरेटर जास्त भार आला की जादा पेट्रोल सोडतात. वाचवलेलं तिथे जातं.

१९६६ मध्ये हे आकडे का निवडले गेले तेही समजून घेतलं पाहिजे. १९५६ च्या कायद्याने सुरू झालेलं इंटरस्टेटचं जाळं तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. लोक गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांनी फिरत. नंतर १९७३ चं तेलसंकट आलं, १९७४ पासून देशभर ५५ मैलांची मर्यादा लागली, आणि कारखान्यांनी आकडे आणखी खाली आणले. सत्तरच्या दशकातल्या फोर्ड मॅव्हरिक किंवा ग्रॅनडाच्या मागे २.७९ सापडतो तो या काळाचा. ५५ मैलांना त्यावर इंजिन अवघे २०६० फेरे घेतं. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने उपयोगी पडेल.

पाचवा गिअर असेल तर

आत्तापर्यंत टॉप गिअर सरळ धरला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा वरचा गिअर, आला की सगळा हिशोब उलटतो. ऐंशीच्या दशकातल्या आठ सिलिंडर मस्टँगमधला टी-५ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स लोक जुन्या गाड्यांत बसवतात. त्याचा नेहमी सापडणारा पाचवा गिअर ०.६८ चा. आता मागच्या आकड्याला ०.६८ ने गुणा. ४.११ चे झाले २.७९! म्हणजे पाचव्या गिअरला ४.११ ची गाडी हायवेवर ग्रॅनडासारखी शांत चालते, आणि पहिल्या गिअरला बैलासारखी ओढते. ज्या आकड्याला मी वर नावं ठेवली तोच इथे शहाणा ठरतो.

आणि माझा २.८३ या गिअरबॉक्सबरोबर? ०.६८ ने गुणून १.९२. ७० मैलांना १८०० फेरे. इतक्या खाली हे इंजिन जेमतेम गाडी धरून ठेवेल. उड्डाणपुलाचा चढ आला तरी चौथा टाकावा लागेल. पाचवा गिअर शोभेचा. ओव्हरड्राइव्ह बसवायचा आणि मागे लहान आकडा तसाच ठेवायचा, ही सर्वांत महागडी चूक, कारण गिअरबॉक्सचा खर्च करून हाती काहीच लागत नाही. सहा सिलिंडरला टी-५ जोडताना मी मागे ३.५५ पाहीन: पाचव्यात ७० मैलांना २२७० फेरे, आणि चौथा सरळ गिअर गावातल्या चढउतारांना.

कुर्ल्याच्या डॉजची गोष्ट वेगळी

फेरे तेच असले तरी प्रत्येक इंजिनाला ते सारखेच पेलतात असं नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. अजूनही काही जण त्या जिवापाड सांभाळतात. त्या जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन २१७.८ घनइंचाचं, व्हॉल्व्ह बाजूला असलेलं फ्लॅटहेड. आकार फोर्डपेक्षा फार मोठा नाही, पण सिलिंडर अरुंद आणि स्ट्रोक लांब, ४ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे साधारण १११ मिलिमीटर. माझ्या फोर्डचा स्ट्रोक ७९ मिलिमीटर.

एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. ३००० फेऱ्यांना फोर्डचा पिस्टन सेकंदाला सरासरी ८ मीटर धावतो, डॉजचा ११ मीटर. रिंगांना आणि भिंतींना हा फरक जाणवतो. आणि अशा गाड्यांच्या मागे ३.९ किंवा ४.१ सारखे मोठे आकडे असत, कारण ज्या रस्त्यांवर त्या चालायच्या तिथे चढ, चिखल आणि सहा माणसांचं ओझं यांचीच चिंता जास्त. २८ इंची टायर धरला तर ३.९ वर १०० किलोमीटरला २९०० फेरे होतात. अशी गाडी एक्सप्रेसवेवर न्यायची तर मी आकडा लहान करण्याचा विचार करीन. फक्त रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चक्कर मारायची असेल तर करणार नाही. तिचा टॉप गिअरमध्ये रांगत रांगत चालण्याचा गुण त्या मोठ्या आकड्यातूनच आलाय. तो गेला तर डॉज कशाला ठेवायची?

आपल्या गाडीत काय आहे

बाजारात जायच्या आधी हंड्यात सध्या काय आहे ते पाहा. मस्टँगच्या ड्रायव्हरकडच्या दारावर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर एक्सलचं सांकेतिक अक्षर किंवा अंक असतो. २ म्हणजे २.८३, ३ म्हणजे ३.२०. पण साठ वर्षांत त्या गाडीचा एक्सल कोणी बदलला नसेल कशावरून? शिवाय दारही बदललेलं असू शकतं.

खात्री स्वतः करता येते. पुढच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रल करा, मागचं एकच चाक उचलून गाडी स्टँडवर भक्कम ठेवा. नुसत्या जॅकवर नाही. शाफ्टवर खडूची खूण करा. मग उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. तोच तुमचा आकडा. तीनला जरा कमी पडला तर २.८३, तीनवर थोडा जास्त गेला तर ३.२०, साडेतीन तर ३.५५ च्या जवळपास.

दोनदाच का? कारण दुसरं चाक जमिनीवर स्थिर आहे. हंड्यात डिफरन्शियल असतो, तो दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो. साध्या डिफरन्शियलचा नियम असा की क्राऊन दोन्ही चाकांच्या सरासरीने फिरतो. एक शून्य, दुसरं दोन, सरासरी एक. लोक एकदाच फिरवतात, शाफ्टचे दीड फेरे मोजतात आणि आपल्याकडे जगावेगळा एक्सल आहे असं समजतात. लिमिटेड स्लिपवाला, म्हणजे दोन चाकांना एकमेकांशी धरून ठेवणारा, एक्सल असेल तर एक चाक असं सुटं फिरणारच नाही. तेव्हा दोन्ही चाकं उचलून ती एकत्र एकदा फिरवायची.

पैसे कुठे जातात

सहा सिलिंडरच्या मस्टँगमागे जो एक्सल असतो त्याचा क्राऊन सव्वासात इंची. हलका, आणि नवे क्राऊन-पिनियन मिळायला अवघड. त्यात नुसता आकडा बदलणं म्हणूनच फारसं कोणी करत नाही. आठ सिलिंडरवाल्यांच्या मागे आठ इंची असतो. त्याचा मधला गोळा पुढून बोल्ट काढून अख्खा बाहेर येतो, आणि २.८० पासून ४.११ पर्यंत पर्याय सापडतात. म्हणून अख्खा आठ इंची एक्सलच बसवायचा हा रुळलेला मार्ग.

मार्ग रुळलेला आहे, पण स्वस्त नाही. सहा सिलिंडरच्या चाकांना चार बोल्ट, आठ इंचीला पाच. मागे पाच बोल्टची चाकं लागली की पुढेही पाच हवीत, नाहीतर एकच स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही. पुढे पाच म्हणजे हब बदला, ते बदलताना ब्रेक बदला. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि जॉइंट पाहा. गिअरचा आकडा बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून येतो. वाईट काहीच नाही, ब्रेक सुधारतात, पण हे आधी माहीत असावं.

भंगारात मॅव्हरिकचा एक्सल स्वस्तात मिळाला म्हणून कोणी उचलून आणतो. रुंदी जवळजवळ जुळते, बोल्ट पाच, सगळं छान. बसवून झाल्यावर गाडी पूर्वीपेक्षा मंद! वर सांगितलेला २.७९. हंडा उघडून दाते मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवी जोडी बसवायची असेल तर हे काम ज्याने आधी केलंय अशाच मेकॅनिककडे द्या. पिनियन किती आत बसायचा आणि दात्यांमध्ये प्ले, म्हणजे मोकळीक, किती ठेवायचा हे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात, शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून-काढून. मग दात्यांना रंग लावून फिरवतात आणि ठसा दात्याच्या मध्यावर येतो का ते बघतात. ठसा टोकाला आला की गाडी ठरावीक वेगाला घूंऽऽ करून रडायला लागते, आणि ते रडणं पुढे कशानेही थांबत नाही. जाड तेल घालून काही दिवस दबतं, एवढंच. नव्या गिअरवर पहिल्या दिवशी लांबचा पल्लाही मारू नये. पंधरा-वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा चालवा.

एवढ्या खटाटोपातून फरक किती जाणवतो? ३.०० चा ३.२५ केला तर आठ टक्के. ते कळायला कान लावून बसावं लागेल. पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलं की बाजूला बसलेल्यालाही कळतं. पंचवीस टक्के, म्हणजे २.८३ चा ३.५५, ही वेगळीच गाडी.

मी ३.२५ घेतला. ऑटोमॅटिक तशीच ठेवायची होती, ओव्हरड्राइव्ह नको होता, आणि वर्षातून दोनदा तरी इंटरस्टेट ७७ ने जायचं होतं. २.८३ पेक्षा पंधरा टक्के जास्त, ७० मैलांना साधारण ३०६० फेरे. मॅन्युअल मस्टँगला फोर्डने दिलेल्या ३.२० च्याच शेजारी आलो, तेव्हा फार काही शोध लावला असं नाही. चढावर गिअरबॉक्स पूर्वीसारखा सारखा वरखाली करत नाही. हायवेला आवाज थोडा वाढला. रेडिओ थोडा मोठा केला.

एक काम राहून गेलंय. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते, आणि तिला वाटतं मागे अजून २.८३ च आहे. तिथला प्लास्टिकचा बोटभर गिअर बदलला की काटा ताळ्यावर येतो. तोवर गाडी ७० ने चालली असताना काटा ८० दाखवतो. बायकोला मी हे तीनदा समजावून सांगितलं, एकदा कागदावर गुणाकार करूनसुद्धा. ती म्हणते, ते सगळं खरं असेल, पण ८० दिसतंय ना, हळू घे.